चिन्हे, वाचक आणि उत्तरदायित्व : टॅरो-वाचनाच्या निमित्ताने

मराठीत हात पाहतात, पत्रिका पाहतात, शकुन पाहतात. वाचतात ती पोथी, पंचांग आणि वर्तमानपत्र. क्रियापदांचा हा भेद आपण सहसा लक्षात घेत नाही. परंतु त्यामागे ज्ञानव्यवहाराची एक निश्चित कल्पना उभी आहे. जे पाहायचे ते आधीच तेथे असते आणि पाहणारा केवळ त्याचा साक्षी असतो. हात पाहणाऱ्याने काही वाईट सांगितले तर दोष हाताचा, पाहणाऱ्याचा नव्हे. वाचणाऱ्याची स्थिती वेगळी असते. अक्षरे समोर असली तरी अर्थ लावावा लागतो, आणि लावलेल्या अर्थाची जबाबदारी काही अंशी तरी लावणाऱ्याकडे येते. शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, टॅरो पत्त्यांचे वर्ग चालतात. त्यांच्याबरोबर 'टॅरो-वाचन' हा शब्दही मराठीत आला आहे. तो इंग्रजीवरून बेतलेला आहे, हे उघड आहे. तरीही या भाषांतराने, नकळत का होईना, भविष्यकथनाचा प्रश्न पाहण्याच्या क्षेत्रातून उचलून वाचनाच्या क्षेत्रात आणून ठेवला आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रश्न असा : दुसऱ्याच्या आयुष्याविषयी चिन्हांचे वाचन करणारा मनुष्य त्या दुसऱ्याचे नेमके काय देणे लागतो? हे वाचन खरे की खोटे, हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी येथे तो दुय्यम आहे. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते नि:संदिग्ध आहे : पिसलेल्या पत्त्यांचा आणि उद्याच्या घटनांचा काहीही संबंध नाही. पण एवढे म्हटल्याने नैतिक प्रश्न संपत नाही. तो तेथे सुरू होतो.

नवख्या वाचकासाठी संचाची ओळख करून देणे आवश्यक आहे. टॅरोच्या संचात ७८ पाने असतात. त्यांपैकी ५६ पाने आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखी चार रंगांत विभागलेली असतात. पेले, तलवारी, नाणी आणि दंड हे ते रंग. प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि चार दरबारी पाने. उरलेली २२ पाने चित्रांची : मूर्ख, जादूगार, दैवचक्र, उलटा टांगलेला माणूस, मृत्यू, मनोरा, सूर्य इत्यादी. मार्गदर्शक पुस्तकांतून या २२ पानांना 'महारहस्य' असे भारदस्त नाव दिलेले असते. वस्तुत: ती कायमची हुकमाची पाने होती. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा संच जन्मला तो पत्त्यांचा एक डाव म्हणून. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्त्सा घराण्यासाठी रंगवलेली पाने आजही संग्रहालयांत आहेत. पुढची तीनशेहून अधिक वर्षे लोक प्रामुख्याने हा डाव खेळत होते. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तचा गुप्त ज्ञानग्रंथ असल्याचे जाहीर केले आणि १७८५ मध्ये एतेइया या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने त्यांवरून भविष्य सांगण्याची पुस्तिका प्रसिद्ध केली. शाम्पोलियोंने इजिप्शियन चित्रलिपीचा उलगडा केला तो १८२२ मध्ये. म्हणजे ज्या लिपीचे एक अक्षरही कोणाला वाचता येत नव्हते, तिच्या आधारे या चिन्हांचा अर्थ निश्चित झाला होता. न वाचता आलेली संहिता ही सर्वांत सोयीची संहिता असते.

आज सर्वत्र वापरला जाणारा संच १९०९ सालचा आहे. ए. ई. वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो रेखाटला आणि लंडनच्या रायडर या प्रकाशकाने काढला. प्रकाशकाचे आणि वेट यांचे नाव संचाला मिळाले. चित्रकर्तीचे नाव त्यात यायला फार काळ जावा लागला. तिने केलेला बदल मात्र निर्णायक होता. पूर्वी छोट्या पानांवर बहुधा नुसती संख्याचिन्हे असत, पाच पेले किंवा सात तलवारी. तिने त्या प्रत्येक पानावर एक प्रसंग काढला. संख्येच्या जागी कथा आली आणि आजचे टॅरो-वाचन म्हणून जे ओळखले जाते ते शक्य झाले.

येथे एका देशी उदाहरणाची आठवण अपरिहार्य आहे. सावंतवाडीच्या गंजिफ्यात दशावतारी संच असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि दहा संख्यापाने, अशी १२० गोल पाने. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह यांच्या चित्रांनी भरलेला, धर्मकथेने ओथंबलेला हा संच. भविष्यकथनासाठी याहून योग्य सामग्री कोठे मिळणार? तरीही गंजिफा मुख्यत: खेळच राहिला. उलट ज्या इटालियन पानांवर सम्राट, पोप आणि नाणी होती, ती दैवी संहिता बनली. चिन्हांच्या अंगी असलेला पवित्र आशय त्यांचा उपयोग ठरवत नाही, उपयोगच त्यांना आशय देतो, हे यावरून स्पष्ट होते. टॅरोच्या खेळाचा विस्तृत इतिहास 'द गेम ऑफ टॅरो' १९८० साली लिहिला तो मायकेल डमेट यांनी. फ्रेगेच्या तत्त्वज्ञानाचे भाष्यकार आणि अर्थविचाराचे तत्त्वज्ञ म्हणून ते प्रसिद्ध आहेत. हा निव्वळ योगायोग नसावा, असे वाटते.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. पाने पिसून तीन पाने ओळीने मांडणे ही नवशिक्याची पहिली मांडणी : गतकाल, वर्तमान, भावी. समजा, मधल्या जागी पेल्यांची पंजी आली. चित्रात काळा झगा पांघरलेली एक आकृती मान खाली घालून उभी आहे. तिच्यापुढे तीन पेले कलंडले आहेत. पाठीमागे दोन पेले उभे आहेत. पुस्तक सांगते : हानी, शोक, पण काही शिल्लक. एवढाच कोशार्थ आहे. परंतु समोर बसलेल्या व्यक्तीने नुकतीच नोकरी गमावली असेल, तर कलंडलेले पेले म्हणजे नोकरी. तिचा विवाह मोडत असेल, तर तो विवाह. वाक्य एकच, पण ऐकणारा बदलला की सूचितार्थ बदलतो, हे आपल्या काव्यशास्त्राने फार पूर्वी नोंदवले आहे. सूर्य मावळला, एवढ्याच विधानातून गुराख्याला गुरे परत न्यायची वेळ झाल्याचे आणि अभिसारिकेला निघायची वेळ झाल्याचे सूचित होते. मम्मटाने व्यंजनेला साहाय्यभूत होणाऱ्या गोष्टींत वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, प्रकरण, देश, काल यांची गणना केली आहे. टॅरो-वाचनाचा सारा प्रभाव या यादीतल्या दुसऱ्या घटकावर उभा आहे. अभिधा नाममात्र असते, वक्ता कोण हे सांगता येत नाही; बोद्धव्य मात्र समोर प्रत्यक्ष बसलेला असतो, आणि तो व्याकूळ असतो.

तीन पेल्यांकडे बोट दाखवायचे की दोन पेल्यांकडे, हे चित्र सांगत नाही. ते वाचणारा ठरवतो. त्याने तीन पेल्यांवर भर दिला तर विचारणारा खचून उठतो, दोनांवर दिला तर उभारी घेऊन उठतो. अर्थाच्या अनेकतेविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्याचे हे अगदी लहान, पण परिणामाच्या दृष्टीने अतिशय गंभीर उदाहरण आहे.

मृत्यूचे पान तर अधिक बोलके आहे. तेराव्या क्रमांकाच्या या पानावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे. त्याच्यापुढे राजा पडला आहे, मूल गुडघे टेकून आहे. नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम असा की, या पानाचा अर्थ मृत्यू नव्हे. त्याचा अर्थ बदल, एका पर्वाचा शेवट. वरवर हा अर्थविषयक नियम आहे. वास्तविक तो नीतिनियम आहे. समोरच्या माणसाला 'तू मरणार' असे सांगता येत नाही, सांगू नये, म्हणून पानाचा अर्थच बदलला गेला. आपली भाषा हे जाणते. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान रात्री वाढवतात. निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. भेद इतकाच की बांगडी वाढली असे म्हटल्यावर ती फुटली आहे हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखेच ठाऊक असते. तेथे शब्द मृदू होतो, ज्ञान तसेच राहते. टॅरोच्या मेजावर मात्र एकाला नियम ठाऊक असतो आणि दुसऱ्याला सांगाडा दिसत असतो. मधल्या काही क्षणांत विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यावरच वाचणारा पुढचे वाक्य जुळवतो. अज्ञानाच्या या विषम वाटणीत सत्ता आहे, आणि ती पैसे मोजून मिळालेली आहे.

यावर टॅरोचे सुजाण समर्थक एक युक्तिवाद करतात, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ते म्हणतात, आम्ही भविष्य सांगतच नाही. पाने हा आरसा आहे; विचारणारा त्यात स्वत:ला पाहतो; आम्ही त्याला आपल्या मनाशी बोलायला निमित्त देतो. निमित्ताची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. यदृच्छेने समोर आलेले चित्र मनाला नेहमीच्या चाकोरीबाहेर काढू शकते. इतालो काल्व्हिनो यांनी 'एकमेकांत गुंतलेल्या नियतींचा किल्ला' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या आपल्या कादंबरीत नेमके हेच केले. १९७३ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या कादंबरीत वाचा हरपलेले प्रवासी पाने मांडून आपापली कहाणी सांगतात आणि तीच पाने वेगळ्या दिशेने वाचली की दुसऱ्याची कहाणी होते. एलियटच्या 'द वेस्ट लँड'मध्ये पत्ते मांडणारी मादाम सोसोस्त्रिस येते. संचाच्या नेमक्या रचनेशी आपला परिचय नाही आणि सोयीप्रमाणे आपण तीपासून दूर गेलो आहोत, हे कवीने स्वत:च टिपांत सांगून टाकले आहे. दोन्ही ठिकाणी पाने कल्पनेची साधने आहेत आणि तसे उघडपणे कबूल केलेले आहे. जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या संग्रहांना 'सांजशकुन', 'पिंगळावेळ' अशी नावे दिली, म्हणून कोणी त्यांच्याकडे मुहूर्त विचारायला गेले नाही.

पण मेजापलीकडचा आरसा वेगळा असतो. तो दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो दुसरा त्याचा कोन ठरवतो. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक व्यक्तिमत्त्ववर्णन दिले. वर्णन सर्वांना एकच होते, आणि ते ज्योतिषाच्या बाजारी पुस्तकातून बेतलेले होते. ते आपल्याला कितपत लागू पडते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आत खळबळ असते' हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही? लागू पडण्याचा अनुभव खरा असतो, पण त्यावरून वाचणाऱ्याचे ज्ञान सिद्ध होत नाही. आणि 'आरसा' म्हणणारा वाचक श्रेय घेताना ज्ञानी असतो, चूक झाल्यावर मात्र काच होतो.

येथेच समीक्षेच्या अभ्यासकाला अडचण वाटायला हवी. अर्थ संहितेत नसतो, वाचक तो घडवतो. अंतिम अर्थ असा नसतोच. हे सिद्धांत आपण गेली काही दशके मराठी विभागांतून उत्साहाने शिकवत आलो आहोत. टॅरो-वाचणाऱ्याने हेच सिद्धांत रोख व्यवहारात उतरवले असतील, तर आपली त्याच्याविरुद्ध तक्रार काय? माझ्या मते तक्रार दोन प्रकारची आहे. समीक्षक एखाद्या कवितेचा अर्थ लावतो तेव्हा तीच कविता दुसऱ्याच्या हातात असते. त्याने दुर्लक्षिलेली ओळ दुसरा पुढे करू शकतो. पिसलेल्या पानांची मांडणी मात्र एकदाच अस्तित्वात येते. पुन्हा पिसले की संहिता नाहीशी होते, आणि तिच्यात जी संगती दिसली ती सर्वस्वी वाचणाऱ्याची होती हे तपासण्याचा मार्गही नाहीसा होतो. दुसरी तक्रार अधिक साधी आहे. कवितेच्या चुकीच्या वाचनाने फार तर समीक्षकाचे हसे होते. पत्त्यांच्या चुकीच्या वाचनाची किंमत वाचणारा भरत नाही.

किंमत कोण भरतो, हा निकष पत्करला तर आपल्या परिसरातल्या एका मांडणीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ येथे दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. ही प्रथा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू केली असे परंपरा सांगते. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. मध्यभागी खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याने भरलेली घागर आणि तीवर पापड, कुरडई, करंजी असे पदार्थ, शिवाय विडा-सुपारी. रात्रभर तेथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन बदल पाहतात. कोणते ढेकूळ किती भिजले त्यावरून त्या महिन्याचा पाऊस, धान्य किती हलले-विखुरले त्यावरून त्या पिकाचे मान, करंजीवरून तिजोरी, विडा-सुपारीवरून राजा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून हे भाकीत साऱ्या वऱ्हाडात पोहोचते. टॅरोच्या 'स्प्रेड'ला मराठीत 'मांडणी' म्हणतात आणि घटाचीही मांडणीच. शब्द जणू मुद्दाम जुळवलेला आहे.

भेंडवळच्या मांडणीला विज्ञानाचा आधार नाही. घागरीतून झिरपलेल्या पाण्याला जुलै-ऑगस्टची वार्ता नसते. तरीही टॅरोच्या तुलनेत तिच्या बाजूने एक गोष्ट बोलावी लागते. तिचे वाचन सार्वजनिक असते, एकच असते, आणि ते चुकू शकते. जुलैत पाऊस चांगला, असे म्हटले आणि जुलै कोरडा गेला, तर ते सर्वांना दिसते. विचारणाऱ्याचा चेहरा पाहून तेथे वाक्य बदलता येत नाही. ज्ञानाच्या दृष्टीने भेंडवळचा दावा अधिक मोठा, म्हणून अधिक चुकीचा. परंतु चुकण्याची तयारी ठेवणे हा एक प्रामाणिकपणा आहे. जे वाचन कधी चुकूच शकत नाही, ते नैतिक दृष्ट्या अधिक संशयास्पद असते.

मात्र एवढ्यावर भेंडवळला निर्दोष ठरवता येत नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे गाव आहे. (याच जिल्ह्याचे मुख्यालय म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने तेथे लावून दिला आहे, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही.) जऊळक्याच्या शिवारातली शेती मुख्यत: पावसावरची. तेथल्या शेतकऱ्यापुढे मे महिन्याच्या अखेरीस तीन संहिता असतात. पहिली भेंडवळचे भाकीत. दुसरी पंचांगातली नक्षत्रांची वाहने : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागले की जी बाकी उरते तिच्यावरून वाहन ठरते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला की पाऊस भरपूर. नऊ चित्रांचा हा संच टॅरोहून लहान, पण त्याच जातीचा आहे. तिसरी संहिता हवामान खात्याची. ती दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत बोलते आणि एप्रिलच्या अंदाजात अधिक-उणे पाच टक्क्यांची चूक संभवते असे स्वत:च सांगते. नैतिक दृष्ट्या तिन्हींत हीच श्रेष्ठ, कारण आपल्या अज्ञानाचे माप तीच देते. परंतु तिचे मुख्य वाक्य साऱ्या देशाविषयी असते. घट मात्र तूर आणि उडीद यांची नावे घेऊन बोलतो. शेतकरी भेंडवळकडे वळतो तो अडाणी म्हणून नव्हे; त्याचा प्रश्न त्याच्याच भाषेत कोणी तरी ऐकला, असे त्याला तेथे वाटते. आणि भाकितावर विसंबून धूळपेरणी केली व पावसाने उघडीप दिली, तर दुबार पेरणीचे बियाणे, खत आणि मजुरी त्याच्याच अंगावर पडते. ज्या प्रदेशात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत, तेथे हा हिशेब सैद्धांतिक राहत नाही.

बुद्धिवादी चळवळीने या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी पत्रिकांची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका वेगळ्या ओळखायच्या होत्या. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली, आणि यशाचे प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवले असते तर ५० अपेक्षित होते. हा निष्कर्ष पुरेसा आहे. तथापि अशी चाचणी टॅरोवर घेता येणार नाही, कारण 'मी भाकीत केलेच नव्हते' असे म्हणून तो चाचणीच्या दारातूनच परततो. म्हणून त्याला खोटे पाडणे हे उत्तर नव्हे. त्याला विचारायला हवे : तुझ्या वाचनानंतर विचारणाऱ्याची स्वत: वाचण्याची शक्ती वाढली की कमी झाली?

या प्रश्नाच्या दृष्टीने कृषी विद्यापीठाचा एक साधा सल्ला मला फार अर्थपूर्ण वाटतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, एवढेच तो सांगतो. हे भाकीत नाही. पाऊस कधी येईल, किती येईल, याविषयी त्यात एक शब्द नाही. परंतु तो शेतकऱ्याला त्याच्याच वावरात पाठवतो, माती उकरून ओल कुठवर गेली ते बघायला लावतो. चिन्ह त्याचे, वाचन त्याचे, निर्णयही त्याचाच. सल्ला देणाऱ्याने स्वत:ला मधून काढून घेतलेले आहे. 'वाचणे' या मराठी क्रियापदाला जीव वाचणे असाही अर्थ आहे, याची येथे आठवण होते.

टॅरोच्या मेजावर असे मधून निघून जाणे शक्य आहे काय? काही वाचणारे तसा प्रयत्न करतात, हे मान्य केले पाहिजे. आजार, मृत्यू, न्यायालयीन खटला आणि त्रयस्थ व्यक्तीचे मन, यांविषयी पाने उघडू नयेत असा दंडक ते स्वत:ला घालून घेतात. दंडक चांगला आहे, पण त्याचा अर्थ नीट पाहावा. ज्या प्रश्नांत उत्तर चुकले तर खरी हानी होईल, नेमके तेच प्रश्न त्याने वगळले आहेत. मग नोकरी सोडावी का, नवऱ्याकडे परत जावे का, हे प्रश्न कोणत्या हिशेबाने आत राहिले? ते विचारणारी बाई मेजापलीकडे बसलेली असते, पेल्यांची पंजी समोर असते, आणि वाचणाऱ्याचे बोट अजून हवेत असते.